रोमन सैनिक लढाईत शिरस्त्राणावर तुरा लावत होते का?

प्रश्न असा आहे : सीझरच्या गॉलमधल्या मोहिमांवर चित्रकथा काढायची आहे. लढाईच्या प्रसंगात सैनिकांच्या डोक्यावर लाल तुरे दाखवावेत का? प्रश्न विचारणाऱ्याच्या मित्राचं म्हणणं असं की तुरा काढता-घालता येत होता, म्हणजे तो संचलनापुरताच असणार. हातघाईच्या लढाईत शत्रूच्या मुठीत सापडेल अशी वस्तू कोण कशाला डोक्यावर ठेवेल? शिवाय, तुरे दाखवायचेच तर ते लालच होते का?

आधी सरळ उत्तर देतो. हो, लावत होते. निदान प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या काळात तरी नक्की, आणि सीझरच्या सैन्यातही. सेंच्युरियन म्हणजे शंभरीचा नायक. त्याने तर पुढेही बराच काळ लढाईत तुरा लावला असं पुराव्यावरून दिसतं. साध्या सैनिकाच्या डोक्यावरून मात्र तो हळूहळू उतरत गेला आणि इ.स. १०० च्या आसपासच्या लढाईच्या चित्रांत जवळजवळ दिसेनासा झाला. म्हणजे उत्तर काळावर आणि माणसाच्या पदावर अवलंबून आहे. पण ‘काढता येतो म्हणून संचलनापुरता’ हा तर्क मला पटत नाही. मी बरीच वर्षं रोमन शिरस्त्राणांच्या प्रतिकृती घडवतो आणि दुरुस्त करतो. त्या घालून कवायत करणाऱ्या हौशी पथकांबरोबर उभाही राहिलो आहे. हा तर्क तिथे सतत ऐकू येतो, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

पहिल्या शतकातल्या लोखंडी टोपाचा माथा जवळून पाहा. अगदी वर एक छोटी चकती बसवलेली असते आणि तिच्यात एक अरुंद, लांबट खाच असते. तुऱ्याच्या खालच्या दांडीचा तळ चपटा असतो. तो त्या खाचेत घालायचा आणि कुलपात किल्ली फिरवावी तसा पाव फेरा द्यायचा, दांडी अडकते. दांडीच्या वरच्या टोकाला दोन फाटे असतात. घोड्याचे केस बसवलेली लाकडी पट्टी त्या फाट्यांत बसते. एवढ्याने ती घट्ट राहत नाही, डुलते. म्हणून टोपाच्या पुढे आणि मागे एकेक छोटा आकडा असतो आणि तुऱ्याची दोन्ही टोकं त्यांना बांधतात. त्याआधीच्या पितळी-कांस्य टोपांची तऱ्हा वेगळी. त्यांना माथ्यावर टोपाबरोबरच ओतलेली गुंडी असते, गुंडीला भोक असतं आणि त्यात खिट्टीने पिसं किंवा केसांचा झुबका अडकवायचा. काही टोपांना दोन्ही बाजूंना एकेक पिसापुरत्या बारीक नळ्याही असतात.

आता ही सोय कशासाठी, ते सैनिकाच्या अंगाने विचारा. सैनिकाचे बहुतेक दिवस लढण्यात जात नाहीत, चालण्यात जातात. चालताना टोप डोक्यावर नसतोच. रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावर डॅन्यूब ओलांडणारं सैन्य कोरलंय, त्यात टोप उजव्या खांद्यापाशी लटकवलेले स्पष्ट दिसतात. ढालींवर चामड्याची खोळ असे. अशा वाटचालीत उभा तुरा तसाच ठेवला तर दोन दिवसांत केस मोडतात, पिसं पिंजतात, फांद्यांत अडकतात. पाऊस आला तर पिसं पार लोळागोळा होतात. म्हणून तुरा काढून सामानात ठेवायचा आणि गरज पडली की चढवायचा. ढालीची खोळही काढता येत होती, म्हणून कोणी ढाल लढाईसाठी नव्हती असं म्हणत नाही. तुरा काढता येतो यावरून एवढंच ठरतं की तो कायम लावलेला नसे. तो कधी चढवायचा, हे दुसऱ्या पुराव्यावरून पाहावं लागतं.

आणि तो पुरावा नेमका सीझरकडेच आहे. इ.स.पू. ५७ मध्ये गॉलच्या उत्तरेकडच्या बेल्जिकात साबिस नदीकाठी त्याची सहा लीजन, म्हणजे रोमन सैन्याची काही हजार माणसांची मोठी दलं, टेकडीवर छावणी बांधत होती. कोणी माती खणतंय, कोणी लाकडं आणायला लांब गेलेलं. तेवढ्यात पलीकडच्या रानातून नर्व्ही या टोळीचे लोक आणि त्यांचे साथीदार धावत सुटले, नदी ओलांडून थेट अंगावर आले. सीझर लिहितो की वेळ इतका कमी होता आणि शत्रू लढायला इतका अधीर होता की सैनिकांना आपली चिन्हं लावायला तर सोडाच, टोप डोक्यावर घालायला आणि ढालींच्या खोळी ओढून काढायलाही सवड मिळाली नाही. ज्याला ज्या निशाणाखाली जागा सापडली तिथे तो उभा राहिला. आपली तुकडी शोधण्यात वेळ घालवला नाही.

त्या वाक्यातला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. चिन्हं लावणं, टोप घालणं, ढालीची खोळ काढणं ही तिन्ही कामं एका दमात सांगितली आहेत आणि तिन्ही लढाईआधीची नेहमीची तयारी म्हणून सांगितली आहेत. ही चिन्हं म्हणजे टोपावरचे तुरे-पिसं आणि हुद्द्याची, तुकडीची ओळख पटवणाऱ्या इतर वस्तू. त्यांत तुरा नव्हता असा अर्थ काढायचा तर अंगावर ऐनवेळी जोडायची दुसरी कुठली वस्तू सीझरच्या मनात होती हे सांगावं लागेल, आणि तसं पटेल असं काही मला दिसत नाही. चिन्हं नसल्याची अडचण काय झाली असेल तेही तिथेच कळतं. पुढे बाराव्या लीजनची फळी कोंडली गेली, तिच्या चौथ्या कोहॉर्टचे, म्हणजे लीजनमधल्या एका तुकडीचे, सगळे सेंच्युरियन पडले. तेव्हा सीझरने मागच्या एका सैनिकाची ढाल हिसकावून घेतली, तो पहिल्या रांगेत शिरला आणि सेंच्युरियनांना नावाने हाका मारू लागला.

सीझरच्या साधारण शंभर वर्षं आधीचा साक्षीदार म्हणजे पॉलिबियस. हा ग्रीक माणूस रोममध्ये राहिलेला, सेनापतींच्या जवळच्या वर्तुळात वावरलेला, सैन्याबद्दल बारकाईने लिहिणारा. तो सांगतो की रोमन पायदळाच्या टोपावर पिसांचं कडं असे आणि त्यात तीन पिसं सरळ उभी, जांभळट लाल किंवा काळी, जवळजवळ एक हात उंच. म्हणजे आपल्या मापात साधारण ४५ सेंटिमीटर. कारणही तो देतो : बाकीच्या शस्त्रांवर ही पिसं चढली की माणूस आहे त्याच्या दुप्पट उंच दिसतो, रुबाबदार दिसतो आणि शत्रूच्या मनात धडकी भरते. संचलनात शत्रू समोर नसतो. हे वर्णन रणांगणाचंच आहे.

त्याच्याच लिखाणातली दुसरी एक गोष्ट लोक वाचून पुढे जातात. सर्वांत तरुण आणि गरीब सैनिक हलक्या शस्त्रांनी आघाडीला लढत. त्यांच्या साध्या टोपांवर ते कधीकधी लांडग्याचं कातडं पांघरत. थोडं संरक्षण म्हणून, आणि कोण धाडसाने लढतो, कोण नाही, हे त्यांच्या अधिकाऱ्यांना लांबून ओळखता यावं म्हणून. तुऱ्याचं खरं काम इथे सापडतं. शत्रूला घाबरवणं हा एक भाग झाला. पण आपल्याच माणसांना आपण दिसणं हा त्याहून मोठा भाग होता, असं मला प्रत्यक्ष रांगेत उभं राहून वाटायला लागलं. गालपट्ट्या बांधल्या की समोरच्याचे डोळे, नाक आणि तोंडाची थोडी जागा एवढंच दिसतं. मागून तर सगळे सारखेच. धूळ उडाली की शेजारच्या पथकातला ओळखीचा माणूसही ओळखू येत नाही.

याचा एक सुंदर प्रसंग इ.स.पू. ४६ च्या आफ्रिकेतल्या मोहिमेच्या वृत्तांतात आहे. लाबिएनस हा एके काळचा सीझरचा उजवा हात, आता रोमन यादवी युद्धात विरुद्ध बाजूला. तो उघड्या डोक्याने घोड्यावरून सीझरच्या नवख्या सैनिकांना डिवचत होता. एक सैनिक म्हणाला, मी नवखा नाही, दहाव्या लीजनचा जुना सैनिक आहे. लाबिएनस म्हणाला, मला तर दहाव्याची निशाणं दिसत नाहीत. तेव्हा त्या सैनिकाने चेहरा दिसावा म्हणून टोप काढून फेकला आणि सगळं बळ लावून लाबिएनसच्या घोड्याच्या छातीत भाला मारला. टोप घातलेला माणूस स्वतःच्या जुन्या सेनानीलाही ओळखू येत नव्हता, ही गोष्ट तुरे रेखाटणाऱ्याने लक्षात ठेवावी.

विरोधी बाजूचा म्हणून एक उतारा नेहमी पुढे केला जातो. इ.स.पू. २९३ मध्ये इटलीतल्याच साम्नी लोकांशी झालेल्या लढाईआधी पापिरिअस कर्सर हा रोमन सेनापती आपल्या सैनिकांना सांगतो की तुऱ्यांनी जखमा होत नाहीत, आणि रंगवलेल्या, सोन्याने मढवलेल्या ढालींतून रोमन भाला आरपार जातो. भाषण लिव्ही या रोमन इतिहासकाराने लिहिलंय, प्रसंगानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. पण ते खरं धरलं तरी त्यातून निघतं काय? साम्नी लोक तुरे लावून लढायला उभे होते हे. लिव्ही त्याआधीही सांगतो की साम्नियांनी अंगाने मोठं दिसावं म्हणून तुऱ्यांचे टोप घातले होते. शत्रूच्या थाटाला आपल्या माणसांनी बिचकू नये म्हणून सेनापती धीर देतोय. तुऱ्याची भीती वाटत होती म्हणूनच हे बोलावं लागलं.

आता शत्रूने तुरा धरून ओढला तर? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी बहुधा रोमन रांगेची कल्पना चित्रपटांवरून केलेली असते. तिथे एकेक जण मोकळ्या मैदानात झुंजत असतो. खऱ्या रांगेत तुमच्यासमोर तुमची मोठी ढाल असते, ढालीच्या कडेवरून फक्त डोळे आणि टोप दिसतो, आणि ढालीमागे पोटाच्या उंचीवर तलवारीचं टोक तयार असतं. तुऱ्यापर्यंत हात नेणाऱ्याची काख आणि बरगड्या पूर्ण उघड्या पडतात. एवढं करून त्याच्या हातात येतं काय? पाव फेऱ्याने अडकवलेली दांडी आणि दोऱ्यांनी बांधलेली लाकडी पट्टी. आम्ही मुद्दाम ओढून पाहिलंय. दांडी फिरते, दोरी तुटते किंवा पट्टी फाट्यांतून निसटते. टोप हनुवटीखाली दोरीने बांधलेला असतो, त्यामुळे मानेला हिसका बसतो हे खरं, पण टोप डोक्यावरच राहतो. बाजूने काठीचा फटका उंच तुऱ्याला बसला तर दांडीच वाकते. वजनाचाही बाऊ नको. लोखंडी टोप दीड-दोन किलोच्या घरात जातो, आणि मी घोड्याच्या केसांचे जे तुरे बनवतो ते पाव किलोच्या आसपास भरतात. चालताना जाणवतात, पण दहा मिनिटांत विसर पडतो.

खरी अडचण मला दुसरीकडे दिसली. डोक्यावर ढाली धरून कासवासारखी फळी करायची असते तेव्हा उंच फाट्यांवरचा तुरा ढालीच्या आतल्या बाजूला घासतो आणि ढाल हवी तेवढी खाली घेता येत नाही. खंदकात, झाडीत, बुरुजाच्या शिडीवरही तो नको होतो. वेढ्याच्या कामात, खणण्यात, रानातल्या चकमकीत साध्या सैनिकाने तुरा काढूनच ठेवला असेल असं मी मानतो. मोकळ्या मैदानातल्या ठरवून दिलेल्या लढाईची गोष्ट वेगळी. तिथे दोन्ही सैन्यं बराच वेळ एकमेकांना न्याहाळत उभी असत आणि दिसण्याला मोल होतं.

सेंच्युरियनबद्दल मला फारशी शंका उरत नाही. व्हेगेटिअस या रोमन युद्धशास्त्रावरच्या लेखकाने, खूप उशिरा का होईना, स्पष्ट लिहिलंय की सेंच्युरियनांच्या टोपांवर आडवे, चांदीचा मुलामा दिलेले तुरे असत, ते त्यांच्याच माणसांना चटकन ओळखू यावेत म्हणून. आडवा म्हणजे एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाणारा. थडग्यांवरची शिल्पं याला दुजोरा देतात. ऑस्ट्रियातल्या कार्नुन्टुमला सापडलेला टायटस कॅलिडिअस सेव्हेरस याचा दगड मला सर्वांत आवडतो. घोडेस्वार म्हणून भरती झालेला हा माणूस चढत चढत पंधराव्या अपोलिनारिस लीजनचा सेंच्युरियन झाला. ३४ वर्षं चाकरी, ५८ व्या वर्षी मृत्यू. दगडावर त्याचा चेहरा नाही. त्याचं कवच आहे, पोटऱ्यांवर बांधायचे पत्रे आहेत, द्राक्षवेलीची छडी आहे आणि आडव्या तुऱ्याचा टोप आहे. खाली त्याचा घोडा धरून नोकर उभा आहे. स्लोव्हेनियातल्या प्तुय इथल्या पेट्रोनिअस क्लासिकसच्या दगडावरही असाच आडवा तुरा दिसतो.

लढाईत नायक ओळखू आला पाहिजे, आणि जो आपल्या माणसांना दिसतो तो शत्रूलाही दिसतो. सीझरचे स्वतःचे आकडे पाहा. गॉलमधल्या गर्गोव्हियाला इ.स.पू. ५२ मध्ये ४६ सेंच्युरियन पडले आणि एकूण सैनिक ७०० ला थोडे कमी. यादवी युद्धातल्या फार्सालसच्या लढाईत इ.स.पू. ४८ मध्ये सैनिक २०० आणि सेंच्युरियन सुमारे ३०. नाव शंभरीचं असलं तरी साधारण ८० माणसांमागे एक सेंच्युरियन असताना हे प्रमाण किती जबर आहे! ते तुऱ्यामुळेच मेले असं मी म्हणणार नाही. ते सर्वांत पुढे लढत होते हे मुख्य कारण. पण लपून राहणं हे त्यांच्या कामात बसतच नव्हतं.

ऑप्टिओ म्हणजे सेंच्युरियनचा दुय्यम. त्याच्या टोपाला दोन्ही बाजूंना एकेक लांब पीस लावायची पद्धत आजच्या हौशी पथकांत पक्की झालीय. ती सोयीची आहे, पण प्राचीन लेखनात तसा नियम सापडत नाही. चित्रात काढलंत तर चालेल. इतिहास म्हणून छापू नका.

साध्या सैनिकाकडे परत येऊ. जर्मनीत वीसबाडेनला गायस व्हॅलेरिअस क्रिस्पसचं थडगं आहे. आठव्या ऑगस्टा लीजनचा हा साधा सैनिक, २१ वर्षं नोकरी, ४० व्या वर्षी गेला. तो पूर्ण शस्त्रांनिशी उभा आहे आणि टोपावर पुढून मागे जाणारा तुरा आहे. म्हणजे पहिल्या शतकातही लीजनच्या सैनिकाकडे तुरा होता आणि मरणानंतर लोकांनी आपल्याला असंच पाहावं असं त्याला वाटत होतं. मात्र थडग्यावरचा माणूस नटलेला असतो. तेवढ्यावरून तो लढाईतही असाच जाई असं मी ठामपणे म्हणणार नाही.

मग ट्रेजनची डेशियातली, म्हणजे साधारण आजच्या रोमानियातली, युद्धं येतात, इ.स. १०१-१०२ आणि १०५-१०६. डेशियन लोकांकडे आतल्या बाजूला धार असलेलं, पुढे वळलेलं, दोन हातांनी चालवायचं पातं होतं. ते वरून उतरलं की टोप फोडत असे. रोमन लोहारांनी टोपाच्या माथ्यावरून एकमेकींना छेदणाऱ्या दोन जाड लोखंडी पट्ट्या बसवायला सुरुवात केली. रोमानियात बर्झोव्हियाला सापडलेल्या टोपावर त्या मूळ नक्षीवरूनच ठोकल्या आहेत. माझ्यासारख्या घडवणाऱ्याला हे पाहिलं की ती घाई डोळ्यांपुढे येते. रोमानियातल्याच अॅडमक्लिसीच्या रोमन विजयस्मारकावर त्याच सीमेवरच्या कारागिरांनी कोरलेल्या सैनिकांच्या टोपांवर पट्ट्या आहेत, तुरे नाहीत. ट्रेजनच्या स्तंभावर लढणाऱ्या सैनिकांच्या टोपांवरही बहुतेक ठिकाणी माथ्यावर एक छोटी कडीच दिसते. जिथे तुऱ्याची चकती बसायची ती जागाच पट्ट्यांनी घेतली. तुरा गेला तो शोभेची हौस संपली म्हणून नाही. माथ्यावर लोखंड हवं होतं म्हणून गेला, असं मी समजतो.

लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र असतं, भरगच्च लाल तुरा आणि कपाळावर नक्षी, ते बरंचसं लूव्ह्र संग्रहालयाच्या एका शिल्पपटावरून आलंय. त्यात सम्राटाचे रक्षक थाटात उभे आहेत. ते ग्रीक वळणाचे टोप शिल्पकारांना प्रिय होते, उत्खननात मात्र लीजनच्या छावण्यांमधून निघतात ते टोप वेगळे. संचलनापुरते तुरे नव्हतेच असंही नाही. दुसऱ्या शतकात एरियन या ग्रीक लेखकाने घोडेस्वारांच्या कसरतींचं वर्णन केलंय : चेहरा झाकणारे सोनेरी टोप आणि त्यांवर पिवळे झुबके, ज्यांचा दिसायला छान याखेरीज काही उपयोग नाही असं तोच सांगतो. या एका वाक्यावरून सगळ्या रोमन तुऱ्यांना संचलनाचं ठरवणं हा अन्याय आहे. तो एका खेळाबद्दल बोलतोय, पॉलिबियस युद्धाबद्दल.

लांबून दिसण्याची वस्तू आणि हातघाईची वस्तू यांतला फरक त्या सैन्याला चांगला कळत होता. इ.स. ६०० च्या सुमाराचा, सम्राट मॉरिसच्या नावावर असलेला ‘स्ट्रॅटेजिकॉन’ हा युद्धशास्त्राचा ग्रंथ सांगतो की भाल्यांवरच्या पताका लांबून शोभतात पण भाला चालवताना अडतात, म्हणून शत्रू मैलभरावर आला की त्या उतरवून ठेवा. तोच ग्रंथ टोपावर छोटा तुरा असावा असंही सांगतो.

राहिला रंग. लालच असा पुरावा नाही. पॉलिबियसकडे जांभळट लाल आणि काळा, एरियनच्या खेळात पिवळा. थडगी मुळात रंगवलेली असत, पण त्यांचे रंग उडून गेलेत. इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलांडाच्या छावणीत, ओल्या मातीत, केसाळ शेवाळाच्या लांब धाग्यांची एक वस्तू टिकून राहिली. उत्खनन करणाऱ्यांनी ती सेंच्युरियनचा तुरा म्हणून ओळखली. म्हणजे जवळ जे मिळालं त्याचा तुरा होत होता. घोड्याच्या केसांचा तुरा लाल करायचा तर पांढरे किंवा फिके केस लागतात आणि मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांत ते उकळावे लागतात. काळ्या केसांवर तो रंग चढतच नाही. हजारो सैनिकांचा एकसारखा भडक लाल तुरा मला म्हणूनच पटत नाही. तुमच्या गॉलमधल्या फळीत बहुतेक तुरे काळे आणि तपकिरी ठेवा, मधूनमधून विटकरी लाल, काही टोपांवर नुसती पिसं, आणि चार-दोन डोकी तुऱ्याविना. फक्त साबिसची लढाई काढणार असाल तर तुरे कुणालाच देऊ नका, निम्म्यांना टोपही नको, आणि ढालींवरच्या खोळी तशाच राहू द्या.